हवेतील पराग आणि ऋतुमानाच्या शिंका

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी शिक्षण, काटकसर, विवाहातील खर्च अशा विषयांवर व्याख्याने होतात. ते विषय मोलाचे आहेतच. यंदा मात्र आम्ही जो विषय निवडला आहे तो नाकाचा आहे. पुष्कळांना त्याचे हसू येईल. परंतु ज्याच्या घरी आश्विन-कार्तिकात रात्रभर शिंकणारे किंवा धापा टाकणारे मूल आहे, त्याला हसू येणार नाही. आम्ही वैद्य नाही की शास्त्रज्ञ नाही. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना शिकविण्याचे काम केलेले एक शिक्षक आहोत. जे वाचले आणि वर्गात बसलेल्या मुलांकडे पाहून जे ध्यानी आले, तेवढेच सांगणार आहोत. औषधाचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

पावसाळा ओसरू लागला, रानात गवत कमरेएवढे वाढले आणि सहामाही परीक्षा जवळ आली, की प्रत्येक वर्गात दोन-चार मुले तरी नाक चोळताना, डोळे पुसताना आणि एकामागून एक आठ-दहा शिंका देताना दिसत. ताप नाही, घसा बसलेला नाही. परंतु नाकातून पाण्यासारखी धार. घरचे म्हणत, हवा बदलली. कोणी दही बंद करी, कोणी केळे, कोणी रात्रीची अंघोळ. आपल्याकडे शिंकेला शुभाशुभही चिकटलेले आहे. कामाला निघताना कोणी शिंकले तर आपण क्षणभर थांबतो. परंतु ही शिंक दरवर्षी त्याच महिन्यात का येते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शास्त्राचा आरंभ मात्र अशाच प्रश्नापासून होत असतो.

इंग्लंडमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी १८१९ साली स्वतःलाच दर उन्हाळ्यात जडणाऱ्या अशा विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे लोक त्याला 'गवताचा ताप' म्हणू लागले. वस्तुतः त्यात ताप नसतो. त्याचे कारण शोधून काढले ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही याच विकाराने पीडित होते. त्यांनी चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवल्या, एवढेच नव्हे तर पतंगाला बांधून उंच आकाशात पाठविल्या, आणि त्यांवर चिकटलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. ज्या दिवशी कण अधिक, त्या दिवशी त्यांचा त्रास अधिक, असा मेळ त्यांना आढळला. त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला. त्याच साली आपल्या देशात, कलकत्त्यास, डी. डी. कनिंगहॅम यांचाही हवेतील सूक्ष्म कणांच्या तपासणीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे हा विषय आपल्या देशालाही दीडशे वर्षांपासून परका नाही.

आता पराग म्हणजे काय ते पाहू. फुलातील नर-भागात तयार होणारी पिवळसर भुकटी म्हणजे पराग. तो दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचला म्हणजे बी धरते. काही झाडांनी हे काम मधमाश्या व फुलपाखरे यांच्यावर सोपविले आहे. त्यासाठी ती रंग, सुगंध आणि मध यांचा खर्च करतात. त्यांचा पराग जड व चिकट असतो आणि हवेत फारसा फिरत नाही. गवते, ज्वारी, बाजरी, मका यांनी मात्र वाऱ्यावर भिस्त ठेवली आहे. वारा कुठे नेईल याचा नेम नाही, म्हणून ती अगणित हलके कण हवेत सोडून देतात. यास्तव एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डोळ्यांत भरणारे लाल-पिवळे फूल बहुधा निरपराध असते, अपराधी असते ते, जे फूल आहे हेही आपल्याला कळत नाही. अंगणातल्या गुलाबाला दोष देऊन भिंतीपलीकडचे वाळके गवत तसेच ठेवणे, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे.

गवताचा परागकण साधारणपणे ३० ते ४० मायक्रॉनचा असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. मक्याचा कण याच्या दुपटीहून मोठा असल्यामुळे तो लवकर खाली बसतो. कण नाकात गेला की ओल्या त्वचेवर त्यातील प्रथिने सुटतात. बहुतेकांच्या शरीराला त्याचे काहीच वाटत नाही. परंतु काहींचे शरीर दोरीला साप समजून काठी उगारते. रक्तात या प्रथिनाविरुद्ध एक विशेष प्रतिपिंड तयार होते, ते नाकाच्या त्वचेतील पेशींवर दबा धरून बसते, आणि पुन्हा तोच पराग आला की त्या पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्यातून खाज, शिंका, पाणी आणि सूज हा सारा खटाटोप उद्भवतो. या विपरीत प्रतिसादाला 'अ‍ॅलर्जी' हे नाव १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के यांनी दिले. त्यामागील प्रतिपिंड इशिझाका दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत शोधून काढले. यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक, हा विकार संसर्गजन्य नाही. अशा मुलाच्या शेजारी बसल्याने तो कोणाला होत नाही. दुसरा, हा दुबळेपणा नाही. शरीराची पहारेकरी व्यवस्था अकारण जागी झालेली असते, इतकेच.

हा सारा इतिहास परदेशाचा वाटेल. परंतु त्यातील एक मानाचे पान आपल्याच गावी लिहिले गेले आहे. १९५८ साली येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, जे १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तेथील वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतील पराग व बुरशीचे बीजाणू यांच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. त्यांनी आर. एल. कुळकर्णी यांच्यासह हवा तपासण्याचे एक यंत्र तयार करून त्याची माहिती १९७० साली एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ते आजही 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ओळखले जाते. परदेशी यंत्र महाग व दुर्मिळ, म्हणून येथल्या वाऱ्याची परीक्षा येथल्याच यंत्राने करण्याचा हा उद्योग होता. ज्वारी, बाजरी, भुईमूग यांच्या शेतांवरील हवा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासली. तसेच आपल्या लेण्यांतील हवेतील बुरशीचाही, चित्रांच्या रक्षणाच्या दृष्टीने, अभ्यास केला. इंडियन एरोबायॉलॉजिकल सोसायटी ही अखिल भारतीय संस्था १९८० साली उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. आपल्या गावच्या मुलांना दौलताबाद आणि बीबी-का-मकबरा ठाऊक असतो. हेही ठाऊक असावे अशी आमची इच्छा आहे.

या यंत्राचे कार्य समजण्यास कठीण नाही. विजेवर चालणारा पंखा एका अरुंद तोंडातून मिनिटाला ५ लिटर हवा आत ओढतो. आत घड्याळाच्या गतीने फिरणारे एक नळकांडे असते. त्यावर व्हॅसलिनसारखा चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. आत आलेले कण पट्टीला चिकटतात. नळकांड्याचा एक फेरा ८ दिवसांत पूर्ण होतो; म्हणून पट्टीवरील जागा पाहून कोणता कण कोणत्या दिवशी, कोणत्या सुमारास आला हे सांगता येते. मग पट्टीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आकार, छिद्रे आणि पृष्ठभागावरील नक्षी यांवरून कण ओळखावयाचे व मोजावयाचे. इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी १९५२ साली केलेले यंत्रही याच तत्त्वाचे आहे. ते मिनिटाला १० लिटर हवा घेते.

विद्यार्थी मित्रहो, आता एक गणित करा. मिनिटाला ५ लिटर, तर तासाला ३०० लिटर आणि दिवसाला ७,२०० लिटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणून दिवसभरात ७.२ घनमीटर हवा तपासली जाते. त्या दिवसाच्या पट्टीवर एकूण ७२० गवत-परागकण भरले असे धरले, तर हवेत दर घनमीटरला सरासरी १०० कण होते. प्रत्यक्षात संपूर्ण पट्टी न मोजता तिचा ठरावीक भाग मोजून त्या प्रमाणात गुणतात. अशा नोंदी निदान वर्ष-दोन वर्षे ठेवल्या, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणता पराग किती, याची एक दिनदर्शिका तयार होते. चंडीगढ शहरासाठी अशी पराग-दिनदर्शिका २०२२ साली प्रसिद्ध झाली.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. चौकात वा भ्रमणध्वनीवर हवेच्या गुणवत्तेचा जो आकडा दिसतो, तो परागांचा नव्हे. तो धूळ, धूर व काही वायूंचा असतो. त्यातील मोठी धूळ म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतची. गवताचा पराग तर त्याहून तिप्पट-चौपट मोठा. म्हणून आकडा हिरवा दिसला तरी नाक वाहू शकते. शिवाय अमुक आकड्याखाली सर्व सुरक्षित, असेही परागाबाबत म्हणता येत नाही. एकाला जे सहन होते ते दुसऱ्याला होत नाही. यास्तव सर्वांत उपयुक्त नोंद ती, जी आपण स्वतःच्या घरी ठेवतो.

आपल्या भागाचे वर्ष ढोबळमानाने असे मांडता येईल. श्रावण-भाद्रपदात बाजरी व मका फुलोऱ्यावर येतात. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत माळावरची गवते, माठ-आघाडा यांसारखी तणे आणि गाजरगवत यांचा बहर असतो. पुढे मार्गशीर्ष-पौषात रब्बी ज्वारी फुलते. माघ-फाल्गुनात वावळ, आणि चैत्राच्या सुमारास कडुनिंब फुलतो. गुढीपाडव्याला त्याचीच फुले आपण प्रसादात घालतो. याखेरीज पावसाळ्यातील ओलीमुळे आणि मळणीच्या वेळी बुरशीचे बीजाणू हवेत मिसळतात. खळ्यावर किंवा मळणी यंत्राजवळ ज्याचा श्वास कोंडतो, त्याला बहुधा परागापेक्षा हे बीजाणू व धूळ यांचीच बाधा झालेली असते. आणि ज्याला बाराही महिने अंथरुणातच शिंका येतात, त्याने रानाकडे बोट न दाखविता गादी-गोधडीतील सूक्ष्म किडे, झुरळे आणि भिंतीची ओल यांचा विचार करावा.

गाजरगवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत तर कोणी चटकचांदणी म्हणतात, त्याविषयी थोडे अधिक बोलणे अवश्य आहे. हे मूळचे अमेरिका खंडातील तण. आपल्या देशातील त्याच्या पसाऱ्याची नोंद १९५६ च्या सुमारास पुण्याहून झाली, आणि पाहता पाहता रस्ते, रेल्वेमार्ग, पडीक जागा त्याने व्यापल्या. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या परागाने नाक व छाती बिघडते. शिवाय त्याच्या वाळलेल्या कणांच्या स्पर्शाने मान, चेहरा व हात यांवर खाजरे, चिवट चट्टे उठतात. हे उपटावयाचे ते फुलण्यापूर्वी, पावसाळ्याच्या आरंभी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून व नाक-तोंड बांधून. फुलोऱ्यावर आलेले गवत उघड्या हाताने उपटण्यास शाळेतील मुलांना लावणे हा श्रमसंस्कार नव्हे. त्याची पाने खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बंगळुरूस आणून सोडण्यात आला. त्याने काही साह्य केले, परंतु माणसाच्या हातांचे काम संपलेले नाही.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय फुकट आहे: एक वही. कोणत्या तारखेला, कोठे, किती वेळ त्रास झाला. त्या दिवशी शेतात गेलो होतो की घर झाडले होते. ऊन, वारा, पाऊस कसा होता. दोन ऋतूंची अशी वही डॉक्टरांना शंभर प्रश्नांची उत्तरे देते. दुसरा उपाय परागापासून दूर राहण्याचा. पुष्कळ गवतांचा पराग सकाळी दव सुकून ऊन चढू लागले की सुटतो. त्या वेळी त्रास असणाऱ्याने फिरणे, मैदानी खेळ व गवत कापणे टाळावे. दुचाकीवर बसताना नाकावर मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा असावा. घरी आल्यावर कपडे बदलावे, हातपाय-तोंड धुवावे, शक्य तर डोक्यावरून अंघोळ करावी. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुण्याचाही उपयोग होतो; आपल्या जलनेतीचाच तो प्रकार. पाणी उकळलेलेच असावे, याबाबत हयगय नको.

पाऊस हवा धुऊन काढतो हे खरे. परंतु गडगडाटी वादळाच्या आरंभी सावध असावे. ओलाव्याने परागकण फुटून त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत उतरतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अशा एका वादळानंतर हजारो माणसांना एकाएकी दम्याचा त्रास झाला आणि १० जण दगावले. त्यांपैकी पुष्कळांना पूर्वी केवळ शिंकाच येत असत.

औषधांविषयी थोडक्यात. शिंका व खाज यांवर हिस्टामीनविरोधी गोळ्या आहेत. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या घेऊन गाडी चालवू नये आणि मुलाला परीक्षेच्या सकाळी देऊ नये. नाक बराच काळ चोंदत असेल तर डॉक्टर नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा देतात. तो रोज नियमाने घ्यावा लागतो, एका दिवसात गुण येत नाही. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. पुढे तेच नाक बंद करतात. दरवर्षी 'सीझनचे एक इंजेक्शन' टोचून घेण्याची किंवा दुकानातून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या आणण्याची जी चाल पडली आहे, ती घातक आहे. मधुमेह, रक्तदाब व हाडांची झीज यांस ती आमंत्रण देते. त्वचेवर चाचणी करून नेमका अपराधी शोधता येतो, आणि त्याचीच सूक्ष्म मात्रा वाढवीत नेऊन शरीराची समजूत घालण्याची पद्धत लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ साली प्रथम मांडली. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच, सामान्यतः तीन ते पाच वर्षे, घ्यावी लागते. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप वा वजनात घट असेल, तर 'अ‍ॅलर्जीच आहे' असे म्हणून स्वस्थ न बसता थुंकीची तपासणी करून घ्यावी.

आता जे बोलण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो, त्या मुद्द्याकडे येतो. नाकाचा हा विकार असलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे दम्याचाही त्रास होतो. दम्यावर तोंडाने ओढावयाचा पंप हे उत्तम औषध आहे. त्यातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसात जाते. त्याचे व्यसन लागत नाही. असे असता आपल्या घरांत काय चालते? मुलगा पंप घेतो हे शेजाऱ्याला कळू नये. मुलगी पंप घेते हे तर कोणालाच कळू नये. कारण स्थळ मोडेल. पाहुणे यावयाचे असले की पंप कपाटात जातो. लग्न ठरले की 'सासरी नेऊ नकोस, लोक काय म्हणतील' असे आईच लेकीला सांगते. मग ती लेक सासरी मळणीच्या दिवसांत, चुलीच्या धुरात, औषधावाचून रात्र काढते, आणि कण्हते तेही तोंडावर पदर धरून. आमच्या विद्यार्थिनींपैकी काहींच्या तोंडून आम्ही हे ऐकले आहे. पत्रिकेतील छत्तीस गुण जुळविताना ज्या मुलीचा श्वास आपण मोजला नाही, त्या विवाहाला मंगल म्हणावे तरी कसे?

बंधु-भगिनींनो, कानी कपाळी ओरडून आम्ही एवढेच सांगतो, की ज्याचा दमा आटोक्यात आहे तो शिकू शकतो, नोकरी करू शकतो, संसार करू शकतो. ज्याचा दमा लपविलेला आहे, त्याचाच जीव धोक्यात असतो. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर पडत असतील, तर नातेवाइकांना विचारीत बसू नये. पंप द्यावा आणि १०८ क्रमांकावरून गाडी बोलावून घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात तत्काळ न्यावे.

आपल्या मंडळाने मनावर घेतले तर तीन गोष्टी सहज होतील. पहिली, वधूवर सूचक नोंदवहीत प्रकृतीविषयी खरे लिहिण्याची प्रथा पाडावी, आणि असे लिहिणाऱ्या घराचा मान राखावा. दुसरी, दरवर्षी आषाढात, फुले येण्यापूर्वी, मंडळाच्या जागेभोवतीचे व सभासदांच्या अंगणातील गाजरगवत सर्वांनी मिळून काढावे. तिसरी, आपल्या वसतिगृहातील मुलांनी काचपट्टीला व्हॅसलिनचा पातळ लेप देऊन ती एका छपराखाली २४ तास ठेवावी आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. दर घनमीटरचा हिशेब यातून निघणार नाही, कारण जड कण आधी खाली बसतात. परंतु श्वासाबरोबर आपण काय घेतो हे त्यांना डोळ्यांनी दिसेल, आणि कदाचित त्यांतलाच एखादा डॉ. टिळकांच्या विभागाची पायरी चढेल.

वारा कोणाच्या एका ज्ञातीचा नसतो, त्यातला परागही नाही. परंतु आपल्या घरातले मूल मोकळा श्वास घेते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.